आईच्या बधिर पायांसाठी चप्पल सुचवा (बजेट १५००)

शेवंता_०७: आई ६६ वर्षांची, मधुमेह १४ वर्षं. तळपाय बधिर, रात्री आग आणि मुंग्या. डॉक्टरांनी न्यूरोपथी (नसांना इजा) सांगितलीय. जखम नाही, बोटं सरळ आहेत. घरातही अनवाणी नको आणि एमसीआर घ्या, एवढंच म्हणाले. रोज अर्धा तास चालते, तीही साडीत. घरातली एक, बाहेरची एक, दोन्ही मिळून १५००. काय बघून घेऊ?

वाटाड्या: पायाचा साचा देऊन बनवून घ्या. चार-पाच हजार जातील, पण पाय महत्त्वाचा की पैसा?

कोकणकडा: साचा लागतो तो बोटं वाकडी झाली असतील किंवा आधी जखम होऊन गेली असेल तर. इथे तसं काही नाही. एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांचं मऊ रबर, पण दुकानात एमसीआर म्हणून विकलेलं सगळं एमसीआर नसतं. अंगठ्याने जोरात दाबा. रबर दबून लगेच वर आलं पाहिजे. खड्डा तसाच राहिला तर तो साधा फोम, लवकर चपटा होणार. आतला थर ८-१० मिमी हवा आणि खालचा तळ कडक, म्हणजे खिळा-काटा वर येत नाही. मागे पट्टा हवाच. तो नसला की चप्पल धरून ठेवायला बोटं आखडतात, आणि पायातून निसटली तरी कळत नाही.

हिंगजिरे: मागे पट्टा हवाच! आणि अंगठ्याची नको, बेचक्यात घासते. कोल्हापुरी तर नावच काढू नका.

रांगडा_गडी: कोल्हापुरीला तेल पाजलं की लोण्यासारखी होते. उगाच बदनामी नको.

हिंगजिरे: होते ना, पायाला घासून घासूनच. ज्याला घासलेलं कळतं त्याने खुशाल घालावी.

मनमौजी: अ‍ॅक्युप्रेशरची घ्या की, टोकं असलेली. बजेटात बसते, रक्ताभिसरण सुधारतं.

कोकणकडा: अजिबात नको! सगळं वजन त्या टोकांवर येतं. दुखायला लागलं की आपण पाय सरकवतो. बधिर पाय सरकवत नाही. आधी घट्टा, मग घट्ट्याखाली जखम. घट्टा पडलाच तर ब्लेडने तासू नका आणि कॉर्न कॅपही लावू नका. त्यातलं अ‍ॅसिड चांगली कातडीही खातं.

आजीचा_बटवा: चपलेचं जाऊ द्या, रात्री काशाच्या वाटीने तूप चोळा. आग थांबते.

सुपारी: हलक्या हाताने चालेल. नंतर तूप पुसून काढा, बेचक्यांतलं तर नक्कीच. तिथे ओल राहिली की चिखल्या होतात, आणि तुपट पाय फरशीवर घसरतो ते वेगळंच. शेकायची पिशवी किंवा बर्फ नको. पाय धुवायचं पाणी कोपराने बघा, ३७ अंशांच्या आत. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू असेल तर बी-१२ तपासून घ्या. ते कमी पडलं तरी मुंग्या येतात.

वाटाड्या: परत सांगतो, साचा.

कोकणकडा: मापाचं राहिलं. संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. आईंना कागदावर उभं करून दोन्ही पावलं आखा, कापा, चपलेत सरकवा. कागदाची कड दुमडली की चप्पल अरुंद. लांब बोटापुढे १ सेमी मोकळं हवं. 'घालून बरी वाटतेय' यावर जाऊ नका, बधिर पायाला घट्ट चप्पलच बरोबर वाटते. पहिला आठवडा एकेक तासच घालू द्या आणि काढल्यावर तळवा बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर ती जागा दाबली जातेय.

हिंगजिरे: आणि घालण्याआधी रोज आत हात फिरवायचा. खडा, बटण, सेफ्टी पिन, काहीही निघतं.

शेवंता_०७: सगळ्यांचे आभार. घरात घालायला मागच्या पट्ट्याची एमसीआर घेतली, ५५०. बाहेरसाठी लेडीज सँडलमध्ये कागद चारही जोडांत दुमडला. शेवटी जेन्ट्स वेल्क्रो सँडल घेतली, चवड्याला रुंद, ८००. टाचेला ढिली होती, म्हणून मोच्याकडून पट्टा आखूड करून घेतला, ४०. एमसीआर नाही, पण दाबलं की वर येतं. साडीखाली दिसत नाही म्हणून आईही खूश.

वाटाड्या: जेन्ट्स?! साच्याची घेतली असती तर हे झालं नसतं.