आठ आठवड्यांचं कॉकटील, सिरिंज सुटता सुटत नाही

प्रश्न

टिल्लू कॉकटीलचं (तुऱ्याच्या छोट्या पोपटाचं) पिल्लू आहे, वय साधारण आठ आठवडे. पाच आठवड्यांचं असल्यापासून मी सिरिंजने फॉर्म्युला (पिल्लांसाठीची तयार पातळ पेज) भरवतोय. आतापर्यंत सकाळ, दुपार, रात्र असं तीनदा चालायचं. ज्यांच्याकडून आणलं ते म्हणाले, "आता बंद करा. दोन दिवस ओरडेल, मग झक मारत दाणे खाईल." परवा दुपारपासून बंद केलं. तेव्हापासून घरात नुसता आक्रोश चालू आहे. मी खोलीत शिरलो की पंख अर्धवट पसरून मान वरखाली हलवत धावत येतं. वजन परवा सकाळी ९२ ग्रॅम होतं, आज सकाळी ८४. गंमत म्हणजे वाटीत चोच घालतं, कुटकुट आवाज येतो, टरफलंही पडलेली दिसतात. मग वजन का उतरतंय? काल रात्री एक वाजता राहवलं नाही, उठून आठ मिली भरवलं. भरवून झाल्यावर वाटलं, आपणच बिघडवतोय. कुठे चुकतंय?

उत्तर १

मीही असंच बंद केलं होतं. तिसऱ्या दिवशी खायला लागलं. तुम्ही जरा जास्तच हळवे होताय. मन घट्ट करा.

उत्तर २

आधी सिरिंज पुन्हा सुरू करा, बाकीचं नंतर वाचा.

९२ चे ८४ म्हणजे जवळजवळ नऊ टक्के. भरवणं सुटून स्वतः खायला लागायच्या काळात पिल्लाचं वजन थोडं उतरतंच. सगळ्यात जास्त भरलेल्या वजनाच्या दहा टक्के, कधी त्याहून जरा जास्तही. उडायचं असतं ना, अंगावरची चरबी झडते. पण ती उतरण सहसा आठवडाभर, हळूहळू होते. तुमच्याकडे ती दोन दिवसांत झाली, म्हणजे ही निव्वळ उपासमार आहे. वरच्यांचं पिल्लू तिसऱ्या दिवशी खायला लागलं कारण ते आधीच तयार होतं, एवढाच त्याचा अर्थ. उपाशी पिल्लू काही नवं शिकत नाही, ते फक्त मागत बसतं. पोट भरलेलं असलं की ते खेळतं, आणि खेळता खेळता एखादा दाणा आत जातो.

टरफलांवर जाऊ नका. वाटीतलं सगळं एका पांढऱ्या कागदावर ओता आणि नीट बघा. टरफल दोन फाकांत उघडून आतून स्वच्छ रिकामं असेल तर दाणा पोटात गेला. कडा कुरतडलेल्या पण गर आतच, किंवा तळाशी गराचा चुरा पडलेला, तर तो नुसता चोचीचा चाळा. दुसरी खूण क्रॉपची, म्हणजे गळ्याखालच्या पिशवीची. संध्याकाळी भरवायच्या आधी बोटाने अगदी हलकेच चाचपा. फॉर्म्युलाने भरलेली पिशवी पाण्याच्या फुग्यासारखी लागते. दाणे गेले असतील तर बारीक मण्यांचा बटवा लागावा तशी लागते. पहिल्यांदा तो बटवा बोटाला लागला तेव्हा मी घरात ओरडून सगळ्यांना बोलावलं होतं.

माझ्या पहिल्या कोन्यूरच्या (हीही पोपटाचीच एक जात) वेळी मी वयाचा तक्ता समोर ठेवून सातव्या आठवड्याला चमचा बंद केला. कोन्यूरला आठ ते अकरा आठवडे सहज लागतात, हे मला नंतर कळलं. जगलं ते, पण पुढे कित्येक महिने चहाचा चमचा दिसला तरी मान हलवत कुईकुई करायचं. कॉकटीलही सात ते दहा आठवडे घेतात, हाताने वाढवलेली कधी त्याहून जास्त. तुमचं आठ आठवड्यांचं म्हणजे मध्यावर आहे.

आता दुपारचं भरवणं सोडा, फक्त तेवढंच. सकाळ आणि रात्र ठेवा. पहाटे उठल्यावर त्याला खरी भूक असते, तेव्हा ताटली आधी द्या, तासाभराने जे कमी पडलं ते सिरिंजने. हे जमलं की सकाळचं कमी करत जा. रात्रीचं सगळ्यात शेवटी जातं, कारण रात्रभर पोट रिकामं राहू नये.

आणि एकदम कोरडे दाणे कशाला? आधी मऊ, कोमट खाणं द्या: भिजवलेले पेलेट्स (पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या), उकडलेला मका, मटार, किसलेलं गाजर. पहिले दोन घास बोटावरून द्या, कोमट लागलं की ओळखीचं वाटतं. उंच लटकवलेली वाटी नको, जमिनीवर पसरट ताटली ठेवा. या वयात ते खालीच टोचत फिरतं. आणि शेजारी बसून तुम्हीही मका खा. हसू नका, त्याला कळप लागतो. मऊ खाणं दोन तासांत उचला, आंबतं.

वजन रोज सकाळी, पहिलं भरवायच्या आधी, एकाच काट्यावर. वहीत लिहा. डोळ्याला पिसांखालचं काही दिसत नाही.

उत्तर ३

वरचं सगळं पटलं. दोन गोष्टी राहिल्या. पिल्लू तोंड फिरवत असेल तर जबरदस्तीने सिरिंज घालू नका, घास श्वासनळीत जातो. आणि फॉर्म्युला ३९-४० अंशांवर हवा, थर्मामीटरने मोजून. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलात तर मधेच चटका बसण्याइतका कढत राहतो आणि क्रॉप भाजतो. गार दिलात तर क्रॉप साचून राहतो. सकाळी तो पूर्ण रिकामा झालेला नसेल किंवा पिल्लू पिसं फुगवून बसलं असेल तर इथे विचारत बसू नका, पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. अजून एक, पंख कापले आहेत का? असतील तर आता पुन्हा कापू नका. उडायला शिकलेलं पिल्लू खायलाही लवकर लागतं, असा माझा अनुभव आहे.

मूळ प्रश्नकर्ता, बारा दिवसांनी

पंख कापलेले नाहीत. त्याच दिवशी सिरिंज पुन्हा सुरू केली. दोन दिवसांत ९० वर आलं, मग हळूहळू ८७, आता चार दिवस ८७-८८ वर थांबलंय. विष्ठाही आधीपेक्षा घट्ट झाली. दुपारचं पहिल्याच आठवड्यात सुटलं. मका शेजारी बसून खाल्ला, बायको अजून हसते. परवा संध्याकाळी बटवा लागला. सकाळची सिरिंज कालपासून नाही. रात्रीची पुढे केली तर दोन घोट घेतले, मान फिरवली आणि माझ्या बाहीचं बटण सोलायला लागलं. आता ही पण बंद करू?

उत्तर २

तुम्ही नका करू. रोज समोर धरा, नाही म्हणालं तर बाजूला ठेवा. आठवडाभर सलग नाही म्हणालं आणि वजन टिकलं तर झालं. तरी सिरिंज धुऊन जपून ठेवा, पिंजऱ्याची जागा बदलली तरी चार दिवस पुन्हा मागतं. मागितलं तर द्या, बिघडत नाही. आणि बटण काढून ठेवा, गिळेल.