वहिनीचा हेपटायटिस सी पॉझिटिव्ह आलाय, घरच्यांना कसं समजवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, वहिनीच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी ज्या रक्ततपासण्या करतात त्यात हेपटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराची अँटीबॉडी (लागणीविरुद्ध शरीर बनवतं ते प्रथिन) पॉझिटिव्ह आली. त्रास काहीच नाही, कावीळ कधी झाली नाही, त्यामुळे आधी कुणाचा विश्वासच बसेना आणि आता घरात नको ते सुरू झालंय. तिचं ताट वेगळं काढलंय, मुलांना तिच्याजवळ झोपू देत नाहीत, एका नातेवाइकाने तर तोंडावर विचारलं की असं काय केलंस म्हणून हे झालं. तेव्हापासून ती कुणाशी नीट बोलत नाहीये.

मी जमेल तेवढं वाचलंय. हा रोग रक्तातून पसरतो, एकत्र जेवून, मिठी मारून किंवा खोकल्यातून नाही. ब्लेड, टूथब्रश आणि नेलकटर मात्र वेगळे ठेवायचे. नशेच्या सुया हे मोठं कारण आहेच, पण विकसनशील देशांत दवाखान्यांतूनच तो खूप पसरलाय, म्हणजे परत वापरलेल्या सुया, न तपासता चढवलेलं रक्त, डायलिसिस, दाताची नीट न उकळलेली अवजारं. एकाच औषधाच्या बाटलीतून बऱ्याच जणांना डोस देताना वापरलेली सिरिंज परत बाटलीत घातली तर, सुई नवी लावलेली असली तरी, डोळ्यांना न दिसणारं रक्त आत जाऊ शकतं आणि पुढच्या सगळ्यांना धोका. इजिप्तमध्ये तर 1950 च्या दशकापासून 1980 च्या दशकापर्यंत बिल्हार्झिया या कृमींच्या रोगावर सरकारी मोहिमेत इंजेक्शनं दिली, सिरिंज पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या आणि हा विषाणू लाखो लोकांत पसरला. तो ओळखलाच गेला 1989 मध्ये, त्याआधी रक्तात तो शोधणार तरी कसा? त्या माणसांनी काय "केलं" होतं सांगा!

वहिनीला पहिल्या बाळंतपणात रक्त चढवलं होतं, लहानपणी साध्या तापालाही इंजेक्शन असायचं. नेमकं कुठून आलं हे आता कळणार नाही आणि कळून तरी काय करायचंय, उपचार महत्त्वाचे.

डॉक्टरांनी आता आरएनए टेस्ट, म्हणजे विषाणू सध्या रक्तात आहे का हे बघणारी टेस्ट, लिहून दिलीये. अँटीबॉडी फक्त कधीतरी लागण झाली होती एवढंच सांगते, साधारण 30 टक्के लोकांत विषाणू आपोआप जातो तरी ती पॉझिटिव्हच राहते, बरोबर ना? आणि आरएनए पॉझिटिव्ह आली तर बहुतेकांना 12 आठवडे गोळ्या, 95 टक्क्यांहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. लस मात्र नाही. गोळ्यांआधी हेपटायटिस बी हा यकृताचाच दुसरा विषाणू पण तपासतात, कारण तो दबून असेल तर उसळू शकतो.

ज्यांच्या घरात हे झालंय किंवा जे लॅबमध्ये, दवाखान्यात काम करतात त्यांनी प्लीज सांगा. आईकडून बाळाला होण्याची शक्यता कमी असली तरी असते, मग दोन्ही मुलांची टेस्ट करायची ना? दादा स्वतःची टेस्ट करायला तयार नाही, त्याला कसं पटवू? पित्ताशयाचं ऑपरेशन तुमच्याकडे कुणाचं गोळ्या संपेपर्यंत थांबवलं होतं का? आणि आईला पुढच्या व्हिजिटला सोबत नेतोय, तिने ताटाचं डॉक्टरांच्याच तोंडून ऐकावं असं वाटतं, पण वहिनीसमोर विचारलं तर तिला अजून लागेल का, की आधी डॉक्टरांशी एकट्याने बोलून ठेवू?