कागदावर पैसे उरतात, खात्यात उरत नाहीत. कुठे चुकतंय?

हप्तेवाली

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर समजून घ्या.

मी आणि नवरा दोघं नोकरी करतो, एक शाळेत जाणारं मूल. खरे आकडे टाकायची लाज वाटते म्हणून दोघांचा मिळून हातात येणारा पगार 100 धरा. त्यातले घरकर्जाला 30 जातात, गाडीला 9, पर्सनल लोनला 8 आणि क्रेडिट कार्डाचा मिनिमम ड्यू, म्हणजे दर महिन्याला कमीत कमी भरावीच लागते ती रक्कम, 3. म्हणजे निम्मा पगार आला तसा गेला. कार्डाची थकबाकी 60 आहे, व्याज महिन्याला 3 टक्के. शिवाय मोठ्या दिरांकडून घेतलेले हातउसने 20, त्याला व्याज नाही पण ते घरी आले की मला आत कुठेतरी लपून बसावंसं वाटतं.

गेल्या वर्षी नवऱ्याने एक्सेल शीट केली. घरखर्च 39 मध्ये बसवायचा, 11 उरवायचे आणि ते कार्डावर मारायचे असा प्लॅन. आम्ही खरंच कमी केलंय हो, दोन ओटीटी बंद केले, बाहेर खाणं महिन्यातून एकदा, कपडे जवळजवळ नाहीतच, जिम सोडली. तरी बारा महिन्यांत कार्डाची बाकी 64 वरून 60 वर आली, बस. आणि दर महिन्याच्या 20-22 तारखेला ठरलेलं भांडण. तो शीट उघडतो आणि विचारतो हे काय, हे कशाला, आणि मला ऑडिटसमोर बसल्यासारखं वाटतं. मग मी त्याच्या हेडफोनचा विषय काढते. मग दोन दिवस अबोला.

तर प्रश्न असा की अजून कुठे कापायचं? आणि आधी कुठलं कर्ज फेडायचं? एक मुदत ठेव आहे 40 ची, ती अडीनडीला म्हणून ठेवलीय.

उंटावरचा_शहाणा

घरकर्ज आधी संपवा, सगळ्यात मोठं तेच आहे. घर मोकळं झालं की माणूस मोकळा. बाकी काटकसर वगैरे ठीक आहे पण दात कोरून पोट भरत नाही, उत्पन्न वाढवा, साइडला काहीतरी सुरू करा.

कोरडा_हिशेब

उंटराव, आयडी सार्थ केलात. 3 टक्के महिना म्हणजे चक्रवाढीने वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातं. घरकर्ज 9 च्या आसपास असेल. 42 चं भोक तसंच ठेवून 9 चं बुजवायचं हे कुठलं गणित?

ताई, तुमचा हिशेब दोनदा वाचला. एक विचारतो, रागावू नका. कागदावर महिन्याला 11 उरतात म्हणजे वर्षाला 132. तेवढे गेले असते तर 64 चं कार्ड वर्षाच्या आत संपून वर उरले असते. संपलं फक्त 4. म्हणजे ओटीटीने वगैरे एवढा फरक पडत नसतो, कुठेतरी मोठा आकडा शीटमध्ये धरलेलाच नाही. तुमच्या त्या 39 मध्ये गाडीचा विमा आहे का? आयुर्विमा, आरोग्यविमा? शाळेची फी जी वर्षातून दोनदा भरता ती? सोसायटीचं वार्षिक, सर्व्हिसिंग, टायर, दाताचा डॉक्टर, बंद पडलेला फ्रिज, नातेवाइकांकडे जाणं-येणं, भेटवस्तू?

माझा अंदाज, नाहीये. हे सगळं "या महिन्यात जरा जास्तच झालं" म्हणून कार्डावर जातं. आणि असं जरा जास्तवालं काही ना काही दर महिन्याला निघतंच, फक्त दर वेळी नाव वेगळं असतं. तुम्ही बजेट ज्या महिन्याचं केलंय तसा साधासुधा महिना वर्षात एकही येत नाही.

एक करा. गेल्या 12 महिन्यांची कार्ड आणि बँक दोन्ही स्टेटमेंट काढा आणि जे दर महिन्याला येत नाही तेवढंच एका कागदावर उतरवा. आलेल्या बेरजेला 12 ने भागा आणि तो आकडा इथे सांगा. त्यानंतर कापाकापीचं बोलू.

उशिरा_सुचलेलं

वरच्यांना +1. फक्त एक सावध करायला आले, कारण तुमच्या जागी मी होते आणि मी माती खाल्लीय.

आम्हाला बँकेतल्या एकाने सुचवलं की सगळी कर्जं एकत्र करा, घरकर्जावर टॉप-अप म्हणजे त्याच कर्जावर वाढीव कर्ज घ्या, एकच हप्ता, व्याज पण कमी. हप्ता खरंच निम्म्याने उतरला, आम्ही इतके खूश की काय सांगू. नंतर केव्हातरी बसून गणित केलं. 14 टक्क्यांचं कर्ज 3 वर्षांत फेडलं तर शंभरामागे साधारण 23 व्याज जातं. तेच 9 टक्क्यांनी पण 15 वर्षांवर पसरलं की शंभरामागे 82-83. दर कमी आणि व्याज साडेतीन पट! आम्ही फक्त दर बघितला होता, मुदत बघितलीच नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे कार्डं रिकामी झाली म्हणून सोडली नाहीत, दीड वर्षात ती परत भरली. टॉप-अप पण आणि कार्ड पण. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते असं.

एकत्रीकरण वाईटच असतं असं नाही म्हणत मी, मुदत तेवढीच ठेवली आणि कार्ड तोडून टाकलं तर चांगलंच. पण "हप्ता कमी होईल" हे वाक्य ऐकलं की आधी किती वर्षं ते विचारा. आणि कोणी "फक्त 10 टक्के फ्लॅट" म्हटलं तर अजून सावध व्हा, फ्लॅटमध्ये फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज लावतात. 3 वर्षांचं 10 टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या बाकीवर जवळजवळ 18.

हप्तेवाली

@कोरडा_हिशेब, तुम्ही आमच्या कपाटात बसला होतात का?

काल रात्री मूल झोपल्यावर दोघं बसलो, स्टेटमेंट काढली. दोन विमे, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग, शाळा, वॉशिंग मशीनचं बोर्ड, नवऱ्याचा चष्मा, माझं रूट कॅनाल, दोनदा तिकिटं, भाचीच्या लॅपटॉपला दिलेले, एक टॅक्स. बेरीज 94. भागिले 12, जवळजवळ 8.

म्हणजे महिन्याला 11 उरतच नव्हते, फार तर 3 उरत होते! आणि त्या न उरलेल्या 8 वरून आम्ही वर्षभर भांडलो. नवरा बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला "शीट माझीच चुकीची होती." मी हे वाक्य लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ऐकलं नव्हतं, असो.

पण आता पुढे काय? 3 मध्ये काय फेडणार कप्पाळ.

कोरडा_हिशेब

3 नाही, 6. मिनिममचे 3 तुम्ही भरताच आहात, ते आणि हे 3.

आता बघा. फक्त मिनिमम भरत राहिलात, म्हणजे बाकीच्या 5 टक्के, आणि कार्डावर एक पैचंही नवीन घेतलं नाही, तरी बाकी नुसती निम्मी व्हायला 32 महिने लागतात. कारण 5 भरता त्यातले 3 व्याजातच जातात आणि मिनिमम पण बाकीबरोबर कमी कमी होत जातं. त्याऐवजी 6 ठरवून तेवढेच भरत राहिलात, मिनिमम उतरलं तरी 6 च, तर 60 ची बाकी 12-13 महिन्यांत पूर्ण संपते.

आता ती मुदत ठेव. ठेवीवर 6-7 टक्के वर्षाला मिळत असतील आणि शेजारी 3 टक्के महिन्याला जातायत. हे म्हणजे गळक्या टाकीखाली वाटी ठेवून वाटीत पाणी जमतंय म्हणून समाधान मानायचं. सगळी मोडू नका, अडीनडीला 15 ठेवा नाहीतर पहिल्याच आजारपणात परत कार्ड बाहेर येईल. 25 कार्डावर टाका. मुदतीआधी मोडल्याचा थोडा दंड कापतील, इथे तो किरकोळ आहे. बाकी 35 उरली, महिना 6 ने सातव्या महिन्यात खलास.

ते वर्षाचे 94 आहेत ना, त्यासाठी वेगळं खातं काढा आणि पगार झाला की त्याच दिवशी 8 तिकडे ढकला. त्या खात्याचं एटीएम कार्ड घेऊच नका. विम्याची तारीख आली की तिथून भरायचं. सुरुवातीला एखादा मोठा खर्च लवकर आला तर ते खातं कमी पडेल, तेव्हा विमा वार्षिकऐवजी तिमाही करता येतो का विचारा, थोडा महाग पडतो पण कार्डापेक्षा स्वस्तच.

घरकर्जाचं उंटराव म्हणतात ते पूर्ण चूक नाही, वेळ चूक आहे. 20 वर्षांच्या 9 टक्क्यांच्या कर्जात पहिल्या हप्त्यातले 100 पैकी 83 व्याजाचे असतात, त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत जास्तीचं मुद्दल भरलं तर फायदा मोठा. वर्षाला एक हप्ता जादा गेला तरी तीन-साडेतीन वर्षं कमी होतात. पण कार्ड, मग पर्सनल, मग गाडी, आणि मग ते.

मधल्या_बाकावरून

कार्ड वापरणं थांबवा हे सगळे म्हणतात, पण का ते सांगत नाहीत. मागची बाकी पूर्ण भरलेली नसली की बहुतेक कार्डांवर ते बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत, आज घेतलेल्या वस्तूवर आजपासून व्याज चालू. म्हणजे "पॉइंट मिळतात" म्हणून किराणा कार्डावर घेणारे आपण किराणाच हप्त्यावर घेत असतो. ॲपमधून सेव्ह केलेलं कार्ड डिलीट करा, 16 आकडे टाकायचा कंटाळा येतो आणि निम्मी खरेदी तिथेच मरते (स्वानुभव).

अर्धांग

सगळे गणितावर बोलले, मी भांडणावर बोलतो. आमच्याकडे शीट बायको करायची आणि ऑडिट माझं व्हायचं, त्यामुळे तुमचा त्रास मला कळतो.

दोन गोष्टींनी फरक पडला. एक म्हणजे दोघांना अगदी छोटी पण सारखी रक्कम, तुमच्या 100 मधली 1-1 समजा, जिचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही. हेडफोन घ्या नाहीतर नदीत टाका. आमच्याकडे कोरडा_हिशेबसारखे लोक याला उधळपट्टी म्हणतील, पण त्या 1 मुळे बाकीच्या 99 वर दोघांची सही राहते. दुसरं म्हणजे शीट उघडायचा वार ठरवला, शनिवारी सकाळी 20 मिनिटं, घड्याळ लावून. 22 तारखेला रात्री दमून आल्यावर पैशाचा विषय काढला तर तो पैशाचा राहतच नाही. आणि दर शनिवारी आकडे वाचणारा बदलायचा, एकदा ती एकदा मी. ज्याच्या तोंडून आकडा बाहेर पडतो त्याला तो जास्त लागतो हे मला तेव्हा कळलं.

आणि एका गोष्टीवर कोरडा_हिशेबशी वाद घालणार. दिरांचे 20 बिनव्याजी म्हणून शेवटी टाकायचे असं गणित सांगेल. पण ताईंनी धाग्यात सगळ्यात जास्त दुखरं वाक्य त्याच कर्जाबद्दल लिहिलंय. निदान त्यांना तारीख तरी द्या.

कोरडा_हिशेब

वाद नाही, मान्य. व्याज नसलं तरी ते कर्ज झोप खातंच आहे. दरमहा अर्धा जरी दिला तरी चालेल, दिला जातोय हे महत्त्वाचं. फक्त त्यासाठी कार्डाच्या 6 ला हात लावू नका, खिशातल्या त्या 1-1 मधून काढा. म्हणजे उधळपट्टी पण कमी 😀

अर्धांग

बघा, आलेच वळणावर.

उशिरा_सुचलेलं

अजून एक राहिलं, हप्ता चुकेल असं वाटलं तर चुकायच्या आधी फोन करा. आधी सांगितलं तर तारीख पुढे ढकलणं, मुदत वाढवणं यावर बोलतात तरी, चुकल्यावर दंड, क्रेडिट स्कोअर आणि वसुलीवाल्यांचे फोन तिन्ही एकदम मागे लागतात. मी सहा आठवडे फोन उचलला नव्हता, तेवढ्यात किती वाढलं ते सांगत नाही.

हप्तेवाली

सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर द्यायचं होतं पण शनिवारची 20 मिनिटं आमच्याकडे सव्वा तास चालली त्यामुळे वेळ गेला.

ठेव मोडली. 25 कार्डावर टाकले, दंड खरंच किरकोळ होता, मी उगाच दोन वर्षं घाबरत बसले. वेगळं खातं उघडलं, त्याला नवऱ्याने "जरा जास्तच झालं" असंच टोपणनाव दिलंय. ॲपमधलं कार्ड डिलीट केलं आणि त्याच रात्री मला एक कुर्ता आवडला, उठून पर्स आणायचा कंटाळा केला आणि झोपले. @मधल्या_बाकावरून यांना एक कुर्ता देणं लागते.

खिशाचे 1-1 नाही जमले, अर्धा-अर्धा ठेवलाय, म्हणजे 1 गेला. तो काढायला घरखर्च 38 वर आणला. ते फार जड गेलं नाही, कारण या वेळी काय कापायचं ते त्याने नाही, मी सुचवलं. त्याने न विचारता त्याचं गेमिंगचं सबस्क्रिप्शन बंद केलं, मी ते बघितलं पण बोलले नाही.

दिरांचं तेवढं राहिलंय. घरखर्चात अजून अर्धा सापडला तर तो दर महिन्याला त्यांना पाठवायचा असं ठरलंय. पण फोन करून आधी सांगायचं कोणी यावर अजून एकमत नाही. तो म्हणतो तू बोल, तुझं ऐकतात. मी म्हणते भाऊ तुझा आहे. पुढच्या शनिवारच्या यादीत पहिलं तेच लिहिलंय.