मुलांच्या लक्षात राहील असा प्रवास: मनालीचे पॅकेज घ्यावे की सोलापूरच्या आसपासच फिरावे?

होटगी_रोड (प्रश्न)

नमस्कार. आमची मुलगी नऊ वर्षांची असून चौथीत आहे आणि मुलगा पाच वर्षांचा आहे. आजवर आमच्या सगळ्या सहली तुळजापूर, अक्कलकोट आणि पंढरपूर या त्रिकोणातच झाल्या. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना थोडे चालावे लागेल, थोडी भीती वाटेल आणि मोठेपणी आठवेल असा एखादा प्रवास घडवावा, असे आम्हा दोघांच्या मनात आहे. माझ्या पतींनी मनालीच्या सात दिवसांच्या पॅकेजची चौकशी केली आहे. त्यात बर्फ, दोरीवरून दरी ओलांडणे, नदीतील तराफा असे सगळे आहे, मात्र खर्च सव्वा लाखाच्या घरात जातो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना घरी ठेवून जावे लागेल, हेही मनाला पटत नाही.

माझी शंका निराळीच आहे. मी लहान असताना आम्ही कुर्डुवाडीहून पंढरपूरला नॅरोगेजच्या गाडीने जात असू. त्या वेळच्या विठ्ठलदर्शनाचे मला काहीही आठवत नाही. परंतु एका वळणावर गाडी सावकाश झाली, वडिलांनी मला कमरेला घट्ट धरून दारातून पुढचे इंजिन दाखवले आणि माझ्या वेणीची लाल रिबन वाऱ्याने सुटून बाभळीत जाऊन अडकली, हे मात्र काल घडल्यासारखे आठवते. त्या आठवणीसाठी वडिलांना तिकिटापलीकडे एक पैसाही पडला नव्हता. मग सव्वा लाख खर्च करून मुलांच्या नेमके काय लक्षात राहील? पाच वर्षांच्या मुलाला यातले काही आठवेल का? अनुभवी पालकांनी कृपया सविस्तर लिहावे.

पायवाट

ताई, आमची दोन्ही मुले आता महाविद्यालयात आहेत, म्हणून थोडे मागे वळून सांगू शकतो. बहुतेक मोठ्या माणसांची पहिली आठवण साधारण तीन ते साडेतीन वर्षांच्या वयातील असते आणि सातव्या-आठव्या वर्षापर्यंत आधीच्या बऱ्याच आठवणी पुसल्या जातात, असे मानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात. म्हणजे आपला मुलगा आज पाहिलेला बर्फ पुढचे वर्षभर सांगत राहील, परंतु पंधराव्या वर्षी त्याला तो आठवेलच याची खात्री नाही. मुलीचे वय मात्र अगदी योग्य आहे.

आमचा धाकटा सहा वर्षांचा असताना आम्ही नळदुर्गला गेलो होतो. सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने तासाभराचे अंतर आहे. बोरी नदीवर आदिलशाही काळात बांधलेला बंधारा आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. नदी भरून वाहते तेव्हा नर आणि मादी नावाचे दोन धबधबे महालावरून खाली कोसळतात आणि आत उभ्या असलेल्या माणसाला समोर पाण्याचा पडदा दिसतो. अरुंद, अंधाऱ्या पायऱ्यांनी खाली उतरताना पाण्याचा आवाज वाढत गेला, तसतशी धाकट्याची माझ्या हातावरची पकड घट्ट होत गेली. बॅटरी त्याच्या हातात होती. तो स्वतः घाबरलेला होता आणि तरीही मागे वळून आपल्या आईला म्हणाला, "पायरी ओली आहे, सांभाळून ये." बारा वर्षांनंतरही तो नळदुर्गबद्दल बोलतो तेव्हा धबधब्यापेक्षा आपण आईला वाट दाखवली हेच अधिक रंगवून सांगतो.

त्यानंतर आम्ही प्रत्येक प्रवासात प्रत्येक मुलाकडे एक खरे काम सोपवू लागलो. खरे म्हणजे ते त्याने केले नाही तर सगळ्यांचे अडेल असे. पाण्याच्या बाटल्या मोजून भरणे, रस्ता विचारणे, एस.टी.च्या तिकिटांचे सुटे पैसे सांभाळणे ही कामे नऊ वर्षांच्या मुलीला सहज जमतात. पॅकेजमध्ये नेमके हेच हरवते, कारण तेथे सगळी कामे दुसऱ्या कोणीतरी आधीच करून ठेवलेली असतात.

यंदा पाऊस चांगला झाला असेल तर दिवाळीतही नळदुर्गला पाणी असू शकते. निघण्यापूर्वी तेथील ओळखीच्या कोणाला तरी विचारून घ्यावे. पाणी नसले तरी उपळी बुरुजावर चढून वरच्या तोफा पाहण्यात मुलांचा वेळ उत्तम जातो.

निवृत्त_शिक्षिका

वरील प्रतिसादातील वयाचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु त्याला एक पुस्ती जोडावीशी वाटते. लहान मुलाची आठवण टिकते ती बऱ्याच अंशी घरात तिची उजळणी होते म्हणून. ज्या घरात आईवडील मुलाशी झालेल्या गोष्टींविषयी सावकाश बोलतात, "मग तू काय केलेस? त्या आजोबांनी तुला काय दिले होते?" असे विचारून त्याला स्वतःच्या शब्दांत सांगू देतात, त्या घरातील मुलांच्या आठवणी अधिक तपशीलवार असतात, हे अभ्यासातून दिसून आले आहे. नुसते मोबाइलवरचे फोटो दाखवून "बघ, तू इथे गेला होतास" असे सांगितल्याने मुलाला फोटो आठवतो, प्रसंग आठवत नाही. (आमच्या नातवाला केरळच्या सहलीतले फक्त फोटोतलेच कपडे आठवतात.)

सासूबाईंना घरी ठेवण्याचे कारण नाही. आपण हत्तरसंग कुडलला जाऊन यावे. भीमा आणि सीना या नद्यांचा तेथे संगम होतो, गाडी मंदिराजवळ जाते आणि फार चढउतारही नाही. संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ मधील मराठी शिलालेख आहे. सोलापूरचेच शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो प्रकाशात आणला. मराठीतील सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. जो हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचे वाक्य त्यात आहे. मुलांसाठी यापेक्षा चांगले आव्हान कोणते असू शकेल?

मी माझ्या नातीला तेथे नेले, तेव्हा ती तिसरीत होती. मी तिला आधी अर्थ सांगितलाच नाही. वर पाहून मान दुखू लागली तशी ती आपल्या आजोबांच्या मांडीवर डोके ठेवून जमिनीवर आडवी झाली आणि हवेत बोट फिरवत एकेक अक्षर गिरवू लागली. अर्ध्या तासात तिला जेमतेम तीन-चार अक्षरे लागली असतील, तीही बहुधा अंदाजाने. नंतर अर्थ सांगितला तेव्हा ती उठून बसली आणि म्हणाली, "म्हणजे मी थोडीशी जिंकले." परतीच्या वाटेवर तिने शेंगाचटणी आणि कडक भाकरी एरवी कधी खात नाही इतकी खाल्ली. तेथील अनेक मुखांचे शिवलिंगही मुलांनी अवश्य मोजावे. लिंगावर ३५९ मुखे आहेत असे सांगतात, परंतु प्रत्येक मुलाचा आकडा वेगळाच येतो आणि त्यावरून गाडीत भांडणे होतात.

दोन_मुलांचा_बाप

चर्चेत एक सावधगिरीची बाजू यावी म्हणून आमची चूक लिहितो. चार वर्षांपूर्वी मी माझ्या सात वर्षांच्या मुलाला पुणे जिल्ह्यातील एका गडावर ट्रेकच्या गटाबरोबर नेले. सहा वाजता निघायचे ठरले होते, प्रत्यक्षात पायथ्याशी पोहोचेपर्यंत दहा वाजले आणि तेव्हाच परत फिरायला हवे होते. परंतु पैसे भरलेले होते, बाकीचे चढू लागले होते आणि मला स्वतःलाच वर जायचे होते, हे आता मान्य करतो. अर्ध्या वाटेवर पाणी संपत आले, मुलाचे तोंड लाल झाले आणि घाम येणे थांबले. एका कातळाच्या सावलीत त्याला निजवून, ओल्या रुमालाने पुसून, साखर-मिठाचे पाणी घोट-घोट पाजून दीड तासाने मी त्याला पाठीवर घेऊन खाली उतरलो आणि तेथून थेट डॉक्टरांकडे नेले. त्यानंतर दोन वर्षे तो 'गड' हा शब्द ऐकला तरी खोलीबाहेर जात असे. आठवण टिकली, यात शंका नाही.

तेव्हापासून आमच्या घरात परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवली जाते आणि तो कागद मुलाच्याच खिशात असतो. वेळ झाली की त्याने सांगायचे आणि आम्ही फिरायचे, मग माथा दहा मिनिटांवर का असेना. दिवाळीच्या आसपास सोलापूरकडे दुपारचे ऊन चांगलेच भाजते, म्हणून चालणे सकाळी अकराच्या आत संपवावे.

कुडलविषयी आणखी एक सांगणे आवश्यक आहे. भीमेचे पाणी केवळ तेथील पावसावर अवलंबून नसते. वर उजनी धरणातून पाणी सोडले की आपल्या डोक्यावर ढगही नसताना नदी वाढू शकते. मुलांना काठावरून नदी दाखवावी, पात्रात उतरू देऊ नये.

मनालीला जाणारच असाल तर पहिल्याच दिवशी रोहतांगचा बेत करू नये. मनाली साधारण २,००० मीटरवर आहे आणि रोहतांग ३,९७८ मीटरवर. आपली मुले सोलापूरच्या पठारावरची, म्हणजे पाचशे मीटरच्याही खालची. इतक्या झटपट उंचीवर गेल्याने डोकेदुखी आणि उलट्या होऊ शकतात, आणि पाच वर्षांच्या मुलाला आपल्याला नेमके काय होत आहे ते नीट सांगताही येत नाही.

जुनी_मिल_चाळ

येथे सगळेच दूरच्या प्रवासाच्या विरोधात बोलत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी दहा वर्षांचा असताना वडिलांनी आयुष्यात एकदाच रजा साठवून आम्हाला उत्तरेत नेले होते. कर्नाटक एक्स्प्रेसने सोलापूरहून दिल्ली आणि पुढे बसने डोंगरात. बर्फ पाहिला होता, परंतु मला त्याचा गारवासुद्धा आठवत नाही. मला आठवतात ते माझे वडील, एका अनोळखी बस स्थानकावर रात्री अकरा वाजता हातात चिठ्ठी घेऊन मोडक्यातोडक्या हिंदीत लोकांना रस्ता विचारणारे. गिरणीत ज्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नसे, त्यांना कोणी नीट उत्तरही देईना. आई सोलापुरी चादर अंथरून आम्हा भावंडांना घेऊन फलाटावर बसली होती. अखेर वडील परत आले आणि माझ्यापुढे चिठ्ठी धरून म्हणाले, "तुला शाळेत हिंदी आहे ना? चल माझ्याबरोबर." त्या रात्री बस मी शोधली.

आपला बाप गोंधळतो, घाबरतो आणि तरीही मार्ग काढतो, हे मुलाला घराजवळ पाहायला मिळत नाही, कारण घराजवळ बापाला सगळे ठाऊक असते. म्हणून मी दूर जाण्याच्या बाजूने आहे. फक्त पॅकेजने जाऊ नये आणि मुलगा सात-आठ वर्षांचा होईपर्यंत थांबावे.

पायवाट

जुनी मिल चाळ यांचे म्हणणे मला पटले. माझ्या पहिल्या प्रतिसादात हा विचार नव्हता. मात्र अनोळखीपणासाठी दिल्लीच गाठावी लागते असे नाही. अंधार हाही अनोळखी प्रदेशच आहे. डिसेंबरच्या १३ आणि १४ तारखेच्या आसपास मिथुन राशीतील उल्कावर्षाव असतो आणि त्या दिवसांत आपल्याकडे आकाश बहुधा निरभ्र असते. चंद्र नसलेली वेळ पाहून कोणा नातेवाइकांच्या शेतावर मुक्काम करावा. हुरड्याला तेव्हा थोडा अवकाश असतो, एवढीच काय ती उणीव. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, तोपर्यंत मोबाइल कोणीही उघडायचा नाही. पहिली दहा मिनिटे मुले फक्त कोल्ह्याविषयी प्रश्न विचारतात. नंतर ती एकदम गप्प होतात.

पहाटे तेथूनच नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे जाता येईल. माळढोक दिसण्याची आशा धरू नये, तो आता अत्यंत दुर्मीळ झाला आहे. काळवीट मात्र दिसतात आणि नशीब असेल तर लांडगाही दिसतो.

होटगी_रोड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरी सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. मनालीचा बेत दोन-तीन वर्षे पुढे ढकलला आहे आणि तेव्हा पॅकेज घ्यायचे नाही, यालाही पतींनी काहीशा नाराजीने मान्यता दिली. दिवाळीत भाऊबीजेनंतर एक दिवस नळदुर्ग आणि एक दिवस हत्तरसंग कुडल असे ठरले आहे. डिसेंबरमधील उल्कांसाठी माझ्या भावाच्या मोहोळजवळील शेतावर जाऊ.

सासूबाई सुरुवातीला "मला कशाला नेता?" म्हणत होत्या. परंतु शिलालेखाचे ऐकल्यावर, लहानपणी सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला बैलगाडीतून येताना रात्री चाक निखळले आणि सगळ्यांनी माळावरच चांदण्यात रात्र काढली, ही हकिगत त्यांनी प्रथमच सांगितली. लग्नाला बारा वर्षे झाली, ती मी कधी ऐकली नव्हती. मुलीने त्यांना इतके प्रश्न विचारले की रात्रीच्या जेवणाला दहा वाजले.

परत फिरण्याच्या वेळेचा कागद मुलीने आताच लिहून दप्तरात ठेवला आहे. नळदुर्गच्या पायऱ्यांवर बॅटरी धरण्याचे काम मुलाला दिले आहे. तो गेले तीन दिवस ती उशाशी घेऊन झोपतो आणि पांघरुणात लावून पाहतो, त्यामुळे निघण्यापूर्वी नवे सेल घ्यावे लागणार आहेत.