माहलरची दुसरी सिंफनी: बर्लिनच्या फिलहार्मोनी सभागृहात कुठे बसावं?

सुरमई: संगीतकार माहलरची ही सिंफनी (वाद्यवृंदाची मोठी रचना, हिच्यात गायकही असतात) पहिल्यांदाच प्रत्यक्ष ऐकणार आहे. परवडतील अशा दोन जागा दिसताहेत: वाद्यवृंदाच्या अगदी बाजूला, किंवा समोर पण बरीच मागे. कोणती घेऊ? मंचाबाहेरून वाजणारे हॉर्न (पितळी फुंकवाद्यं) तिथवर ऐकू येतात का? मध्यंतर असतं का?

खर्जातला: समोरची मागची, डोळे मिटून. सोप्रानो आणि आल्टो (उंच आणि खालच्या आवाजाच्या दोन गायिका) समोर तोंड करून गातात, त्यामुळे बाजूला बसलात तर शब्द विरतात. हॉर्नचं तोंड मागे वळलेलं असतं. त्या बाजूला बसलं की व्हायोलिनं झाकली जातात. एरवी बाजूच्या जागा मला आवडतात, वाद्यवृंद चालवणाऱ्या कंडक्टरचा चेहरा दिसतो. पण या कृतीला नको. वाद्यवृंदाच्या थेट मागची बाकं कोरस (समूहगायक) असला की बहुधा गायकांकडेच जातात.

मध्यंतर नसतं. ८० ते ९० मिनिटं सलग धरून चाला. पहिल्या भागानंतर किमान ५ मिनिटं थांबावं असं माहलरने लिहून ठेवलंय, पण बहुतेक कंडक्टर तेवढं थांबत नाहीत. त्या भरवशावर बाहेर पडू नका. तिसरा, चौथा, पाचवा भाग एकमेकांना जोडून येतात.

दाराआड: हॉर्न पोचतात, आणि दुरून आल्यासारखे वाटणं हेच तर हवं असतं. एकूण १० हॉर्न. त्यातले ४ पाचव्या भागात बाहेरून वाजतात, सोबत ट्रम्पेट आणि तालवाद्यं.

गडबड दोन ठिकाणी होते. आवाजाला ३५ मीटर यायला सुमारे ०.१ सेकंद लागतो. बाहेरच्यांनी कानावर भरवसा ठेवून वाजवलं तर ते सभागृहात मागे पडतात. म्हणून टीव्हीच्या पडद्यावर कंडक्टरचा हात बघून, किंचित आधीच वाजवावं लागतं. दुसरं, गार बोळात पितळी वाद्यांचा सूर उतरतो, त्यामुळे वाजवायची वेळ येण्याआधी त्यांत फुंकत राहून ती ऊबदार ठेवावी लागतात. कोरसच्या जरा आधी फक्त बाहेरचे हॉर्न-ट्रम्पेट आणि मंचावरची बासरी-पिकोलो (छोटी बासरी) उरतात. तिथे सूर उतरलेला असेल तर लपायला जागाच नाही.

शेवटाकडे हीच मंडळी आत येऊन बसतात. उशिरा आलेले प्रेक्षक समजू नका!

सुरमई: कोरस इतका वेळ नुसता बसून? उभे राहिले की प्रवेश जवळ आला असं समजायचं?

खर्जातला: उलट, पहिला प्रवेश बहुधा बसूनच होतो. तो अतिशय हळू आवाजातला आहे. शंभर-दीडशे माणसं तिथे उठली तर खुर्च्याच ऐकू येतील. दुसऱ्या बेसना (सर्वांत खालच्या आवाजाच्या पुरुष गायकांना) खालच्या बी-फ्लॅट या स्वरापर्यंत उतरावं लागतं, तेही जेमतेम ऐकू येईल असं. उठतात बरंच पुढे, प्रत्येक कंडक्टरची जागा वेगळी.

दाराआड: आधी ऐकून जायचं तर झुबिन मेहतांचं व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरचं १९७५ चं ध्वनिमुद्रण घ्या, आल्टोचं 'उरलिख्ट' (चौथ्या भागातलं गाणं) क्रिस्टा लुडविग गाते. शब्द घरीच वाचा. कार्यक्रमपत्रिकेची पानं लोक नेमकी कोरसच्या पहिल्या ओळीला उलटतात.