मदत हवी आहे: १९७१ च्या फियाटचा दाराखालचा उंबरा गेला, खालून चौकोनी पाईप वेल्ड करू की नको?

पिवळी_डिलाइट

नमस्कार मंडळी. दोन डेंटरांनी (गाडीचा पत्रा ठोकणाऱ्यांनी) दोन दिशांना ओढल्यामुळे डोकं चालेनासं झालंय, म्हणून हा धागा.

गाडी बाबांची, १९७१ ची फियाट ११०० डिलाइट. १०८९ सीसीचं इंजिन अजून पहिल्या सेल्फला उठतं, तक्रार तिथे नाहीच. आमच्या पोर्चचा चढ तिरका आहे. पुढचं उजवं चाक चढावर आलं की मागचं उजवं दार काही केल्या उघडत नाही, आणि सपाटीवर आलं की गुमान उघडतं. उजवीकडे जॅक लावला तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच आत जातो, आणि आतून चिवडा चावल्यासारखा आवाज येतो. पुढच्या काचेच्या खांबाच्या मुळाशी रंगाला बोटभर तडाही गेलाय. म्हणजे अख्खी बॉडी पिळतेय.

नागपूरसारख्या कोरड्या गावात गाडी सडलीच कशी, असं कुणी विचारण्याआधी सांगतो: कूलर. पंधरा वर्षं ती पोर्चमध्ये वाळ्याच्या कूलरला उजवी बाजू लावून उभी होती. दर उन्हाळ्यात चार महिने ओली हवा आणि टपटप. डावी बाजू हातोडीनं वाजवली तर खणखणते, उजवी भरल्या पोत्यासारखी वाजते.

मागच्या रविवारी दाराखालचा उंबरा खरवडला. वर डांबर, डांबराखाली कुणीतरी कधीकाळी गॅस वेल्डिंगनं डकवलेला सपाट पत्रा, आणि त्याच्या आत काहीच नाही. आतला पत्रा हातानं तुटतो.

कामठी रोडचा डेंटर म्हणतो, "भाऊ, दीड इंची चौकोनी पाईप टाकून देऊ इकडून तिकडं, तीन एमएमचा. मंग पहा, ट्रक होऊन जाईल गाडी." सक्करदऱ्याचे चाचा म्हणतात, "उंबरे नवीन बनवा, बाकीच्याले काहून हात लावून राहिले?"

मी व्हिडिओ पाहिलेत. अमेरिकेत फोर्डच्या जुन्या मस्टँग गाडीला असंच करतात. तिच्या पुढच्या आणि मागच्या चेसिस पट्ट्या मधे एकमेकींना भेटतच नाहीत, मधे फक्त फ्लोअरचा पत्रा. म्हणून दोन्ही टोकं जोडणारे चॅनल खालून वेल्ड करतात. पण तिथे मोठं व्ही-एट इंजिन बॉडी पिळत असतं. आपल्याकडे चाळीस घोडे आणि नऊशेच्या आसपास किलो. शर्यत लावायची नाही, बाबांना एकदा रामटेकला न्यायचंय. मग पाईप घालू की नुसते उंबरे करू? आणि उंबरा कापला की गाडी मधेच वाकली तर काय करायचं?

हिंगण्याचा_फिटर

चाचांचं ऐका. कारण सांगतो.

कॅलेंडरची पुठ्ठ्याची नळी घ्या आणि दोन्ही हातांनी पिळा. जवळजवळ हलत नाही. आता तिला ब्लेडनं लांबीभर एक चीर द्या आणि परत पिळा. पुठ्ठा तोच, वजन तेच, पण नळी चिंधीसारखी फिरते. तुमच्या उंबऱ्याला तीच चीर पडली आहे. या गाडीला वेगळी चेसिस नाही. उंबरे, फ्लोअरच्या मधला उंच बोगदा, खांब आणि छत मिळूनच ती चेसिस. उंबरा म्हणजे बंद पेटी, आणि तिचा सगळा जोर ती बंद असण्यात. बाहेरून सपाट पत्रा ठोकणाऱ्यानं पेटी झाकली, बंद केली नाही.

पाईपचं म्हणाल तर, तीन एमएमचा पाईप ०.९ एमएमच्या फ्लोअरला चिकटवला की भार पाईपच्या टोकाशी गोळा होतो. पाईपला काही होत नाही, वेल्डच्या कडेनं पत्रा फाटतो. पाईप नीट पकडेल एवढा करंट दिला तर पत्र्याला भोक, पत्रा वाचवला तर पाईपवर वेल्ड नुसता बसलेला. शिवाय उंबरा तसाच कुजका ठेवून शेजारी पाईप घातला तर जॅक लावायचा कुठे?

सोळा गेजचा सीआर (साधा, जस्त न चढवलेला) पत्रा लोहा ओळीतून, म्हणजे लोखंड बाजारातून आणा आणि माझ्या भागात कुठल्याही ब्रेक प्रेसवर (पत्रा वाकवायच्या मशीनवर) वाकवून घ्या. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, नको. जस्ताच्या धुरानं वेल्डर रात्री थंडी वाजून पडतो. नमुना डाव्या चांगल्या उंबऱ्यावरून काढा. आतला पत्रा आधी, बाहेरचा मागून. कडांना दर सव्वा इंचावर आठ एमएमचं भोक पाडून सीओटू वेल्डिंगनं भरायचं, सलग रेघ ओढायची नाही. एक टाका इकडे, दुसरा पार तिकडे, मधे हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. घाई केली की पत्रा पापडासारखा फुगतो.

हे करूनही गाडी मऊ वाटली तरच पुढचं: त्याच सोळा गेजची टोपीच्या आकाराची पट्टी, पुढच्या चेसिस पट्टीपासून मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) हँगरपर्यंत, टोकं निमुळती कापून. चौकोनी टोक ठेवलं की तडा तिथूनच सुरू होतो.

सावजी_रस्सा

ट्रक होऊन जाईल म्हणतो! रामटेकच्या गडावर मग ट्रकच घेऊन जा ना बाप्पा.

धंतोलीकर

कागदाचं बघून ठेवा. गाडी ५० वर्षांपुढची, म्हणजे २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीला पात्र. पण त्यात चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. मूळ आकाराचा उंबरा ही दुरुस्ती, आरपार पाईप हा बदल, असं मी तरी धरेन. आणि व्हिंटेजची पाटी घेतली तर गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशाच कामांना रस्त्यावर काढता येते. बाबांना फिरवायचं असेल तर साधी नोंदणीच पाच-पाच वर्षं वाढवत राहा.

पिवळी_डिलाइट

फिटरभाऊ, नळीचा प्रयोग बाबांसमोर केला. ते म्हणाले, "हे त्या वेल्डरला तेव्हाच कुणी दाखवायला पाहिजे होतं." पाईप रद्द. व्हिंटेजचंही नको.

ओळंबा सोडून फरशीवर खुणा केल्या आणि कर्ण मोजले. अकरा एमएमचा फरक आला. हे वेल्डिंगच्या आधी सरळ करायचं की नंतर?

हिंगण्याचा_फिटर

आधी. नंतर म्हणजे वाकडेपणा कायमचा पक्का. आधी हवा सारखी भरून परत मोजा, जुन्या गाडीत एकेक पाटाही बसलेला असतो.

गाडी मधे जॅकवर उचलून कापू नका. पुढे सस्पेन्शनखाली आणि मागे अ‍ॅक्सलखाली चार स्टँड द्या आणि पाण्याच्या नळीनं लेव्हल काढा, म्हणजे बॉडी चाकांवर असते तशीच बसेल. दारं लावूनच ठेवा. फट सगळीकडे सारखी दिसेपर्यंत फ्लोअरखालून हळूहळू टेकू चढवा. मग दार उघडून चौकटीत पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत पाईपचा तुकडा टाक्यावर लावा. हा तेवढा पाईप तुमच्या कामठी रोडवाल्याला लावू द्या, त्याचंही मन राहील. उंबरा कापायचा तो यानंतर, एका वेळी एक दार. सीट, मॅट, पेट्रोलची टाकी बाहेर, ओलं गोणपाट आणि दोन घमेली पाणी हाताशी.

तळाला पाणी निघायला भोकं ठेवा, आत मेण मारा. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हात) टिनाच्या शेडमध्ये दुपारी कुणी हात लावणार नाही, सकाळी सहाला बोलवा.

आणि कूलर दुसऱ्या खिडकीला न्या.