मदत हवी आहे: .३०८ च्या पुंगळ्यांपासून .२४३ केल्या, माना डब्यात पडल्या पडल्या तडकल्या

नमस्कार मंडळी. मी पेनसिल्व्हेनियात राहतो, हरणाच्या शिकारीसाठी .२४३ विंचेस्टर हे रायफलचं काडतूस वापरतो आणि काडतुसं घरीच भरतो. इथे ते कायदेशीर आहे. भारतात परवान्याशिवाय यातलं काहीही करता येत नाही, तेव्हा तिकडून वाचणाऱ्यांनी हे फक्त धातूचं कोडं म्हणून वाचावं.

.२४३ च्या पुंगळ्या (काडतुसाच्या रिकाम्या पितळी नळ्या) मिळेनात. .३०८ या जाड गोळीच्या काडतुसाच्या मात्र रेंजवरून आणलेल्या बादलीभर होत्या. १९५५ साली आलेली .२४३ ही मुळात .३०८ चीच मान (गोळी धरणारं अरुंद तोंड) आवळून केलेली आहे, बूड आणि खांद्याचा (मानेखालच्या उताराचा) २० अंशांचा कोन तोच. म्हणून साठ पुंगळ्या घेतल्या. आधी माना टॉर्चवर मऊ केल्या, मग वंगण लावून पहिल्यांदा मधल्या मापाच्या ७ एमएम-०८ च्या डायमधून (आकार देणाऱ्या साच्यातून) काढल्या आणि नंतर .२४३ च्या. थेट शेवटच्या डायमध्ये घातल्या असत्या तर खांदा चेपला असता. प्रेसवर एकही फुटली नाही. खूप समाधान वाटलं होतं.

दोन आठवड्यांनी डबा उघडला. एक पुंगळी बोटांत फिरवताना मानेवर नख अडकलं. खिडकीशी नेऊन पाहिलं तर तोंडापासून खांद्याकडे उभी, केसाएवढी चीर. एकेक करून सगळ्या तपासल्या, अशा सात निघाल्या. त्यांत दारू नाही, गोळी नाही, कुणी हातही लावलेला नाही.

माझा संशय पॉलिशवर आहे. साठांपैकी चाळीस पुंगळ्या मी घरातल्या पितळेच्या पॉलिशने चमकवल्या होत्या आणि त्याला अमोनियाचा झणझणीत वास येतो. तडकलेल्या सातही त्या चाळिसांतल्या. ब्रिटिश काळात आपल्याकडेच असं झालं होतं: पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली काडतुसं आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण मिळून हे होतं, असा उलगडा १९२१ मध्ये झाला. पण माझ्या उरलेल्या वीस पुंगळ्या दुसऱ्या कंपनीच्या आहेत, त्यामुळे दोष पॉलिशचा की त्या विशिष्ट पितळेचा, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

दुसरी शंका माझ्या ऍनीलिंगची, म्हणजे तापवून मऊ करण्याची. माझे आजोबा पुण्यात तांबट आळीत काम करायचे. ठोकून ठोकून पत्रा कडक झाला की ते पुन्हा भट्टीत लाल करायचे, आणि भांडं पुरं होईपर्यंत हे कितीतरी वेळा चालायचं. मी मात्र एकदाच, घडवण्याआधी तापवलं. मान आवळल्यावर जो ताण आला तो तसाच राहिला. आता घडवल्यानंतर परत तापवायचं, तर उष्णता बुडाकडे उतरण्याची भीती वाटते. बूड मऊ पडलं तर ती पुंगळी बाद, तिथे तडजोड नाही. मी तापमान दाखवणारा रंग खांद्याखाली लावून पाच-सहा सेकंद तापवतो. जाणकारांनी सांगावं, घडवल्यानंतरही एवढंच पुरतं का?

आणि एक गोष्ट, जी मला चिरांपेक्षा जास्त छळते आहे. मान आवळली की भिंत जाड होते. माझ्या माना ०.३८ मिमीवरून ०.४४ वर गेल्या. दारू आणि प्रायमरशिवाय (दारू पेटवणाऱ्या बुडातल्या टोपीशिवाय) नुसती गोळी बसवून मोजलं तर बाहेरून ७.०५ मिमी भरलं. .२४३ च्या मानेची मर्यादा ७.०१ ची आहे. रायफलचा बोल्टही (काडतूस आत ढकलून बंद करणारा दांडा) जड लागतो. अशा स्थितीत गोळी सोडायला मानेला फुलायला जागाच मिळणार नाही आणि दाब भलताच चढेल, म्हणून मी एकही भरलेली नाही. माना बाहेरून छिलाव्या की आतून रीमर (भोक खरवडून मोठं करणारं हत्यार) फिरवावा? ज्यांनी दोन्ही केलंय त्यांचा अनुभव हवा आहे.

न तडकलेल्या तेहतीस पॉलिशवाल्या ठेवाव्या की फेकाव्या, हेही सांगा. माझं मन फेकण्याकडे झुकतंय, कारण आज न दिसणारी चीर उद्या चेंबरमध्ये (रायफलमधल्या काडतुसाच्या जागेत), माझ्या गालाजवळ उघडेल. बुडावर शिक्का अजून .३०८ चाच असल्याने सगळ्यांच्या बुडांना लाल रंग लावून डबा वेगळा ठेवला आहे. चिरांचे फोटो उद्या उजेडात काढून टाकतो.